वीस एकर आणि अडीच गुण

न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडी पश्चिमेला काढली की पाऊण-एक तासात मॉल, गोदामं आणि टाउनहाऊसच्या रांगा मागे पडतात आणि उतारांवर मक्याची, सोयाबीनची शेतं दिसायला लागतात. ही हंटरडन काउंटी, काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. न्यू जर्सीतली मराठी मंडळी ऑक्टोबरात पोरांना घेऊन इकडे भोपळे आणायला आणि सफरचंदं तोडायला येतात. रस्त्याकडेला मधूनच एखादी पाटी दिसते, हे शेत कायमचं राखलेलं आहे असं सांगणारी. वाचून बरं वाटतं. पण त्या शेतात राखलंय नेमकं काय? याच काउंटीतल्या एका शेतापायी हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि उत्तर यायला दहाएक वर्षं लागली.

प्रकरण असं. शेत सुमारे १२० एकरांचं. १९९३ साली त्याचे विकास हक्क सरकारी योजनेत विकले गेले. म्हणजे जमीन मालकाचीच राहिली, कसायचा आणि विकायचा हक्कही राहिला. फक्त तिथे वसाहत किंवा गाळे उठवण्याचा हक्क त्याने पैसे घेऊन कायमचा सोडला. पुढे ही जमीन क्वेकर व्हॅली फार्म्स या व्यावसायिक शेती करणाऱ्या कंपनीकडे आली, अर्थातच त्या बंधनासकट. २००७-०८ च्या सुमारास कंपनीने फुलांसाठी प्लास्टिकची कमानी शेडं उभारायचं ठरवलं. उतारावर अशी शेडं नीट बसत नाहीत, म्हणून २० एकर जमीन खोदून सपाट केली. राज्य कृषी विकास समिती, जिला तिकडे सगळे एसएडीसी म्हणतात, कोर्टात गेली.

आता गंमत बघा. कंपनीने घर बांधलं नव्हतं. प्लॉट पाडले नव्हते, गोदाम उभारलं नव्हतं. शेतात शेतीच चालणार होती. फुलं हे तिथल्या कायद्यानेही पीकच आहे. मग मोडलं काय?

वकिलांनी या निकालावर पुष्कळ लिहिलं आहे. मला हे प्रकरण मोलाचं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. शेत राखायला निवडताना त्याला गुण कसे देतात, त्याची किंमत कशी काढतात आणि दस्तात काय लिहितात, हे तीन कागद एकमेकांशी किती कमी बोलतात, ते इथे उघडं पडतं.

विकलं जातं ते काय

आपल्याकडे टीडीआर म्हटलं की बिल्डर आठवतो. मुंबईत रस्त्यासाठी किंवा आरक्षणासाठी जागा दिली की बदल्यात बांधकामाचा हक्क मिळतो आणि तो दुसऱ्या प्लॉटवर वापरता येतो. न्यू जर्सीतली ही योजना त्याहून साधी आहे. इथे हक्क कुठेही सरकत नाही. सरकार तो विकत घेतं आणि मारून टाकतं. सातबाराच्या भाषेत सांगायचं तर ‘इतर हक्क’ या रकान्यात एक नोंद चढते आणि ती पुढच्या प्रत्येक मालकाच्या गळ्यात राहते.

राज्य लहान, दाटीवाटीचं, एका बाजूला न्यूयॉर्क आणि दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फिया. शेतकऱ्याला एकरी मिळणारं पीक एकीकडे आणि बिल्डरचा चेक दुसरीकडे, या ओढाताणीत शेतं भराभर जात होती. १९६४ पासून तिथे शेतजमिनीला मालमत्ता कर अगदी कमी लागतो, पण तो सवलतीचा कायदा जमीन राखत नाही. जमिनीचा वापर बदलताना मागच्या काही वर्षांचा फरक भरला की मालक मोकळा. म्हणून १९८१ मध्ये मतदारांनी ५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली, १९८३ मध्ये कायदा झाला आणि १९८५ मध्ये बर्लिंग्टन काउंटीतल्या चेस्टरफील्डमध्ये पहिलं शेत राखलं गेलं. पैसा राज्य, काउंटी आणि टाउनशिप (म्हणजे तिथली गावपातळीची सत्ता) मिळून घालतात. त्यात राज्याचा वाटा साधारण ६० टक्के आणि त्याहून वर.

पैसा कितीही असला तरी अर्ज त्याहून जास्त येतात. त्यामुळे शेतांचा क्रम लावावा लागतो.

गुणपत्रिका

अमेरिकेत शेतजमिनीला गुण देण्याची पद्धत १९८१ च्या सुमारास केंद्रीय कृषी खात्याच्या मृदा संधारण विभागाने घडवली. तिचे दोन भाग असतात : जमिनीची स्वतःची प्रत आणि तिच्या आजूबाजूची परिस्थिती. केंद्राच्या तक्त्यात पहिल्याला १०० आणि दुसऱ्याला १६० असे एकूण २६० गुण आहेत. एखाद्या सरकारी प्रकल्पाखाली येणाऱ्या जमिनीला १६० पेक्षा कमी पडले तर तिच्या रक्षणाचा आणखी विचार करायची सक्ती नाही. राज्यांनी आणि काउंट्यांनी हा साचा घेऊन आपापल्या गरजेप्रमाणे वळवला.

न्यू जर्सीच्या तक्त्यात एकूण १०० गुण आहेत. मातीला १५. लागवडीखालच्या क्षेत्राला १५. सीमा आणि शेजार यांना २०. स्थानिक बांधिलकीला २०, म्हणजे टाउनशिपचे झोनिंगचे, कुठल्या जागेत काय चालेल याचे, नियम शेतीला धार्जिणे आहेत का, सांडपाण्याची लाईन शेताच्या दिशेने सरकतेय का, गावाने स्वतःचा पैसा घातलाय का. आकार आणि दाटी यांना २०. आणि ‘बदल किती जवळ येऊन ठेपलाय’ याला १०.

हिशेबासाठी १०० एकरांचं एक शेत धरू. मृदा नकाशावर त्यातली ७० एकर अव्वल माती आहे आणि २० एकर ‘राज्याच्या दृष्टीने महत्त्वाची’, म्हणजे एक पायरी खालची. अव्वल मातीच्या टक्केवारीला ०.१५ ने गुणायचं, दुसऱ्या प्रतीला ०.१० ने. साडेदहा आणि दोन, मिळून साडेबारा. उरलेली १० एकर पाणथळ आहे, तिचे गुण शून्य. लागवडीचंही तसंच. नांगरटीखालची ८० एकर असेल तर १२ गुण, आणि जंगलाखालच्या जमिनीला काही नाही.

खरी मजा सीमेची आहे. शेताच्या चारी बाजू फुटपट्टीने मोजायच्या आणि कोणती बाजू कशाला लागून आहे ते बघायचं. आधीच राखलेल्या शेताला लागलेली सीमा सर्वांत मोलाची, तिला पूर्ण भाव. ओढा किंवा पाणथळ असेल तर जवळजवळ तेवढाच, कारण तिकडून कोणी घरं घेऊन येणार नाही. शेजारचं शेत नुसतंच शेत असेल, राखलेलं नसेल, तर गुण फारच थोडे. आज ते शेत आहे, उद्याचं कोणी सांगावं? आणि घरांच्या रांगेला लागलेल्या सीमेला भोपळा. यात मोठं व्यवहारज्ञान आहे. ज्याच्या बांधापलीकडे वीस कुटुंबं राहायला आली, त्याला शेणखत टाकल्यावर कोणाकोणाचे फोन येतात, ते तळेगाव-चाकणकडच्या शेतकऱ्यालाही माहीत आहे.

आकार आणि दाटी यांमागचा विचारही पटण्यासारखा आहे. एकटं शेत राखून उपयोग नसतो. आसपास पुरेशी शेतं असली तर ट्रॅक्टरचा मेकॅनिक टिकतो, जनावरांचा डॉक्टर टिकतो, धान्य घेणारा टिकतो. म्हणून अर्ध्या मैलाच्या टापूत आणखी किती राखलेली शेतं आहेत ते बघतात.

पण शेवटच्या १० गुणांत एक पेच आहे. धोका जितका जवळ तितके गुण जास्त, हे तर्काला धरून आहे; जिथे बिल्डर फिरकतच नाही तिथे पैसे कशाला घालायचे? पण धोका जवळ असलेल्या शेताची सीमा बहुधा आधीच घरांना लागलेली असते, तिथे ते शेत मार खातं. म्हणजे एका रकान्यात ‘लवकर वाचवा’ आणि दुसऱ्या रकान्यात ‘आता उशीर झाला’. २० विरुद्ध १० असं वजन ठेवून न्यू जर्सीने कौल दिला आहे : लढाईच्या तोंडावरचं शेत सोडा, मागच्या फळीतली सलग शेतं धरा. मला हा कौल बरोबर वाटतो, पण हा निवडलेला पक्ष आहे, मोजलेलं सत्य नव्हे. गुणपत्रिकेतला आकडा दशांशापर्यंत आला की लोक हे विसरतात.

या सगळ्यात आपल्या कामाचा आकडा एकच : माती १५. शंभरातले पंधरा.

किंमत

क्रम लागला की मूल्यांकन. दोन स्वतंत्र मूल्यांकनकार येतात आणि प्रत्येक जण दोन किमती काढतो. एक, जमीन आज बाजारात मोकळी विकली तर किती येईल. दुसरी, बांधकामाचा हक्क कायमचा गेलाय असं धरून, फक्त शेतीसाठी विकली तर किती. दोन्हींमधला फरक म्हणजे विकास हक्काची किंमत. समजण्यापुरते आकडे घेऊ. मोकळ्या जमिनीचे एकरी २०,००० डॉलर येतात आणि शेतीपुरत्या जमिनीचे ८,०००, तर हक्काची किंमत एकरी १२,०००. शंभर एकरांचे १२ लाख.

मालकाला यात एक डाव खेळता येतो. तो म्हणू शकतो, मला १२,००० नकोत, १०,८०० द्या. कायद्यातलं सूत्रच असं आहे की फरकातून मागणी वजा करायची आणि फरकाने भागायचं. इथे १० टक्के सूट निघते आणि त्या मानाने शेत यादीत वर सरकतं. ज्याला कर्ज फेडायचं आहे किंवा भावंडांची वाटणी करायची आहे, तो सूट द्यायला तयार होतो. म्हणजे यादीतली जागा थोडी जमिनीची आणि थोडी मालकाच्या नडीची असते.

आता मातीकडे वळू. चांगल्या मातीमुळे किंमत वाढते की घटते? बहुतेक जण चटकन म्हणतील, वाढते. पण नीट बघा. माती उत्तम असेल तर ‘फक्त शेती’ची किंमत चढते, म्हणजे फरक कमी होतो. उलट दिशेलाही ओढ आहे. हंटरडनच्या ग्रामीण भागात बहुतेक घरांना गटाराची लाईन नाही, प्रत्येकाची आपली सेप्टिक टाकी. घराला परवानगी मिळण्याआधी खड्डा करून पाणी किती वेगाने मुरतं ते बघतात. जी जमीन खोल, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी, ती या परीक्षेत हसत पास होते. मक्याला जी माती हवी तीच चार बेडरूमच्या घरालाही हवी! त्यामुळे तिची बाजारातली किंमतही चढते. दोन्ही चढल्यावर फरक कुठे जाईल, ते जागोजाग वेगळं.

मुद्दा असा की किमतीच्या कागदावर माती नावाची वस्तू विकत घेतलेलीच नसते. सरकारने पैसे मोजले ते बांधकामाच्या हक्काचे. शेतीची जी किंमत, ते ८,००० डॉलर, ती मालकाकडेच राहिली. मग माती कोणाची? या कागदाप्रमाणे मालकाची.

दस्त

तिसरा कागद दस्ताचा. न्यू जर्सीत त्याचा मजकूर नियमांनीच ठरवून दिलेला आहे. जमीन शेती आणि शेती उत्पादनासाठी ठेवायची. शेतीला लागणाऱ्या नव्या इमारती बांधता येतील. एक वर्षाच्या आत मृदा संधारणाचा आराखडा मंजूर करून घ्यायचा. आणि एक कलम असं : पाण्याचा निचरा, पूरनियंत्रण, जलसंधारण, धूपनियंत्रण किंवा मृदा संधारण यांना बाधक ठरेल अशी कोणतीही कृती या जमिनीवर करता येणार नाही, तसंच शेतीचा वापर पुढे चालू राहण्याला बाधक ठरेल अशीही नाही.

‘मृदा संधारण’ हे त्या यादीतलं शेवटचं नाव. किती माती, कुठली माती, बाधक म्हणजे किती, यातलं काही नाही.

सपाटीकरण म्हणजे काय होतं

आपल्याकडे जेसीबीने सपाटीकरण केलेल्या शेतकऱ्याला हे समजवायला नको. उतारावरच्या जमिनीत पिकाची खरी माती वरचा वीतभर थर. त्यात कुजलेली मुळं, गांडुळांची बिळं, हवा, ओल. बोटांनी दाबली की ढेकूळ फुटून दाणे सुटे होतात. त्याखालचा थर घट्ट, फिका, चिकणमातीचा. त्याखाली मुरमाड, आणि हंटरडनच्या बऱ्याच भागात त्याखाली तांबडा शेल खडक. जागा सपाट करायची म्हणजे वरच्या बाजूचा उंचवटा कापायचा आणि ती भर खालच्या बाजूला टाकायची. कापलेल्या भागात वरचा थर निघून जातो आणि खालची फिकी माती उघडी पडते. भरावाच्या भागात चांगली माती तळाशी गाडली जाते आणि वर मुरूम येतो. मग यंत्रं त्यावरून फिरतात आणि सगळं दाबून घट्ट करतात. पाणी मुरायचं थांबतं आणि वाहायला लागतं.

शहाणा माणूस आधी वरचा थर खरवडून बाजूला ढीग लावतो, सपाटी झाल्यावर परत पसरतो. त्यानेही पहिल्यासारखं होत नाही, पण काही वर्षांत जमीन कामाला येते. इथे मुद्दा असा की कमानी शेडातल्या फुलांना जमिनीची माती लागतेच असं नाही. कुंडीतल्या फुलांचा धंदा पीट आणि सालीच्या भुशाच्या मिश्रणावर चालतो. ते पोत्यांतून येतं. खाली हवी असते ती फक्त सपाट, न चिखलणारी फरशी. अव्वल दर्जाच्या मातीचा उपयोग फरशी म्हणून.

याला आपल्याकडचा जवळचा नातेवाईक म्हणजे वीटभट्टी. शेतकरी वरची दोन-तीन फूट माती भट्टीवाल्याला विकतो. सातबाऱ्यावर शेत शेतच राहतं, क्षेत्र तेवढंच, पीकपाहणीत पीकही लागलेलं दिसतं. जमीन कुठे गेलेली नसते. ती फक्त खाली गेलेली असते!

कोर्टात

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. दस्तात शेती करायला परवानगी आहे, शेतीच्या इमारतींना परवानगी आहे, फुलं ही शेती आहे. माझ्या जमिनीवर कोणती शेती किफायतशीर आहे ते मी ठरवणार, समिती नाही. हे म्हणणं वरवरचं नव्हतं. न्यू जर्सीत एकरभर मक्याने कोणाचं घर चालत नाही. तिथली शेती टिकली आहे ती फुलं, रोपवाटिका, भाजी, फळं यांच्यावर. हरितगृह नको म्हणणं म्हणजे शेतीच नको म्हणण्यासारखं आहे.

समितीचं म्हणणं : शेडं बांधा, पण माती मारू नका. कायद्याचा हेतू शेती टिकवण्याचा आणि माती राखण्याचा, दोन्हींचा आहे.

कनिष्ठ न्यायालयाने समितीच्या बाजूने कौल दिला. अपिलात तो फिरला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल रद्द केला. सार असं की कंपनीला शेडं उभारण्याचा हक्क होता, पण ती उभारताना उत्तम प्रतीच्या मातीचा एवढा मोठा पट्टा कायमचा बिघडवण्याचा हक्क नव्हता. आणि त्याच निकालात न्यायालयाने समितीचेही कान धरले : मर्यादा कुठे आहे हे अशा शेताच्या मालकाला आधी कळलं पाहिजे, स्पष्ट नियम हवेत.

तोच तक्ता, पुन्हा एकदा

इथे मला एक हिशेब करून बघावासा वाटला. १२० एकरांपैकी २० एकर म्हणजे १६.७ टक्के. ती सगळी अव्वल माती धरली आणि सपाटीनंतर तिला शून्य धरलं, तर ०.१५ ने गुणून शेताचे गुण कमी होतात अडीच. शंभरातले अडीच! सीमा तीच, आकार तोच, दाटी तीच, टाउनशिपची बांधिलकी तीच. उलट लागवडीचे गुणही बहुधा कायम, कारण शेडाखाली पीक घेतलेलं आहे. ७२ गुणांचं शेत साडेएकोणसत्तरचं झालं असतं आणि यादीत एखादी पायरी खाली सरकलं असतं. ज्या कृत्याला सर्वोच्च न्यायालयाने दस्ताचा भंग म्हटलं, ते गुणपत्रिकेला जेमतेम जाणवतं.

याचा अर्थ गुणपत्रिका चुकली असा नाही. तिचं काम दोन शेतांतलं एक निवडायचं, आणि त्यासाठी टक्केवारी पुरते. पण टक्केवारीत जागा नसते. ‘सत्तर टक्के अव्वल’ हे वाक्य कुठली सत्तर एकर ते सांगत नाही. राखण करायची तर प्रत्यक्ष ती एकरं राखावी लागतात. निवडीच्या वेळी मृदा नकाशा टेबलावर असतो, त्यावर रंग भरलेले असतात. टक्के काढले की नकाशा फाईलमध्ये जातो आणि दस्तात एक ओळ येते. पंधरा वर्षांनी तपासणीला आलेल्या माणसाच्या हातात काय असतं? ती ओळ.

वजन वाढवून हे सुटणार नाही. मातीला १५ ऐवजी केंद्रासारखे (२६० पैकी १००, म्हणजे) अडतीस टक्के दिले असते तरी २० एकरांचे सहा-साडेसहा गुण झाले असते, बस. उलट मातीचं वजन जास्त वाढवलं तर चारी बाजूंनी घरांनी वेढलेलं पण काळ्याभोर मातीचं शेत यादीत वर येईल आणि दहा वर्षांत त्याला कसणारा मिळणार नाही.

सुटलं असतं ते पाहणीच्या दिवशी. मूल्यांकन करणारा माणूस शेतात चालतोच. त्याच वेळी मालकाला विचारायला हवं : उद्या शेड टाकायचं झालं तर कुठे टाकाल? बहुतेक शेतांत एक कोपरा असा असतो जिथे माती बेताची, जमीन सपाट आणि रस्ता जवळ. तो कोपरा नकाशावर आखून ठेवायचा. न्यू जर्सीत दस्त करताना काही तुकडा ‘अपवाद’ म्हणून बंधनाबाहेर ठेवायची सोय आहेच. लोक ती मुलाच्या घरासाठी वापरतात, कारण त्या वेळी डोक्यात घरच असतं. हरितगृह कोणाच्या डोक्यात नसतं. आणि उताराचा विचार तर गुणपत्रिकेत वेगळा नाहीच. उतारावरचं पीक सपाटी मागत नाही. कमानी शेड मागतं. म्हणजे आजच्या पिकाच्या दृष्टीने निर्दोष जमीन उद्याच्या पिकासाठी जेसीबी बोलावणार आहे, हे पाहणीतच दिसू शकतं.

समितीने पुढे मर्यादा आकड्यात आणली. राखलेल्या शेताच्या १२ टक्के किंवा ४ एकर, यांतलं जे जास्त असेल, तितक्याच क्षेत्रावर मातीची मोडतोड चालेल, आणि काही अटींवर थोडी वाढीव सूट. आपल्या शेताला लावून बघा. १२० एकरांचे १२ टक्के म्हणजे १४.४ एकर. वीस एकर त्यात बसत नाहीत. पण चौदा बसली असती, मग माती अव्वल असो की मुरमाड. म्हणजे नियमातही पुन्हा टक्काच आला. लहान शेतकऱ्याला ४ एकरांची किमान हमी आहे हे मात्र चांगलं. वीस एकरांच्या भाजीवाल्याला १२ टक्क्यांत अडीच एकरही मिळाली नसती.

ज्यांनी नव्वदच्या दशकात हक्क विकले त्यांची याबद्दल तक्रार आहे, आणि ती मला खोटी वाटत नाही. त्यांच्या मूल्यांकनकाराने ‘फक्त शेती’ची किंमत काढली तेव्हा १२ टक्क्यांची मर्यादा कोणाच्या कागदावर नव्हती. ती असती तर हरितगृहवाल्या गिऱ्हाईकासाठी ती जमीन थोडी स्वस्त ठरली असती, एकरी ८,००० ऐवजी कदाचित ७,५००. मग फरक १२,००० ऐवजी १२,५०० निघाला असता. ते वरचे पाचशे त्यांना कोणी दिलेले नाहीत.